लाल चौकोनाच्या पुढचं पिल्लू

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा पाय मोडला तो गाडीत नाही, फूटपाथवर. पायी चालणारा माणूस रस्ता कसा ओलांडतो, हे ड्रायव्हरने एकदा त्याच्या जागी उभं राहून बघायला हवं, असं त्यांचं ठाम मत होतं. ते एका नवख्या विद्यार्थिनीला पटवून देण्यासाठी मास्तर गाडीतून उतरले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. पायाखाली बघायचं तेवढं राहून गेलं. विद्यार्थिनीने काचेतून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, पडणं हाही धड्याचाच भाग आहे.

मास्तरांची बायको हॉस्पिटलात प्लास्टर घालायच्या खोलीतच कामाला होती. त्यामुळे सहानुभूती मिळायचा प्रश्नच नव्हता. दिवसाला दहा-बारा मोडके पाय बघणाऱ्या बाईला तेराव्या पायाचं काय कौतुक! तिने स्वतःच्या हाताने गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर चढवलं आणि बजावलं, "सहा आठवडे. खुर्चीतून उठायचं नाही, कुरकुर करायची नाही."

मास्तर खुर्चीत बसले. खुर्ची खिडकीपाशी होती आणि खिडकीखाली चौक होता. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते पुटपुटू लागले. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडून खालच्या गाड्यांना सूचना द्यायला लागले. "अहो निळी गाडी! इंडिकेटर काय शोभेला बसवलाय?" चौथ्या दिवशी एक टेम्पोवाला दचकून दुकानाच्या पायरीवर चढला आणि शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहिले.

"तू यांचं काहीतरी कर बाई," बायकोने आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं. "मी दिवसभर घरात नसते. आणि हे तर चौक बंद पाडायला निघालेत."

ही धाकटी त्यांच्याच घरी राहायची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम. तीन वाजता सुटायची, घरी येऊन हातपाय धुवायची, आणि मोठ्या टीव्हीसमोर बसून अंतराळात लढाई करायची. दोन्ही बाजूंनी तीन-तीन विमानं, काळंभोर आकाश, मध्ये तरंगणारे डोंगराएवढे दगड, आणि धडाधड गोळीबार. मास्तरांनी आजवर तिकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता खुर्ची खिडकीपासून उचलून टीव्हीपुढे ठेवली गेली आणि त्यांचा इलाज चालेना.

"यात बघण्यासारखं काय आहे?" पहिल्या पाच मिनिटांनी ते म्हणाले.

दहाव्या मिनिटाला म्हणाले, "ते आकडे कसले गं?"

धाकटी गालात हसली. समोर काटा हलतोय आणि तो कशाचा ते ठाऊक नाही, हे मास्तरांना सहन होत नसे. लिफ्टमध्ये शिरले तरी ते सगळी बटणं वाचायचे. तिने सरावाचा खेळ लावला, ज्यात समोरची विमानं मशीनच चालवतं, आणि रिमोटसारखं ते यंत्र त्यांच्या हातात दिलं. "डाव्या अंगठ्याने वळायचं, उजव्या बोटाने गोळी. बाकी पडद्यावर सगळं लिहिलेलं आहे. मी चहा टाकून येते."

चहा उकळून, गाळून ती बाहेर आली तर मास्तरांचं विमान शत्रूच्या शेजारी शांतपणे उभं होतं. अगदी बाजूला, पार्क केल्यासारखं. शत्रूने सावकाश तोंड वळवलं आणि त्यांच्या चिंधड्या उडवल्या.

"भाऊजी! थांबलात कशाला?"

"बोर्ड होता," मास्तर म्हणाले.

"कसला बोर्ड?"

"त्या लाल चौकोनाखाली. आधी नऊशेचा होता. मी सहाशेवर होतो, म्हटलं ठीक आहे. मग आठशे झाला, पाचशे झाला. तीनशेवर आला तेव्हा वाटलं, शाळा आली असेल. मी हळू केली. चाळीसवर आला तेव्हा जवळजवळ थांबलोच."

"अंतराळात शाळा?"

"ते बोर्ड लावणाऱ्याला विचार."

धाकटीने कप खाली ठेवला. "भाऊजी, लाल चौकोन म्हणजे शत्रू. त्याच्याखालचा आकडा म्हणजे तो किती लांब आहे ते. तुम्ही जवळ गेलात, आकडा कमी झाला. तुम्ही हळू झालात, तरी जवळ गेलात, आकडा आणखी कमी झाला. वेगमर्यादा नाही ती!"

"मग तसं लिहायला काय धाड भरली होती यांना?" मास्तर म्हणाले. पण त्यांनी बायकोच्या पिशवीतली वही मागवून घेतली आणि त्यात लाल चौकोन काढला.

पुढचे दोन दिवस असेच गेले. पडद्याच्या मधोमध एक त्रिकोण लुकलुकायला लागला की मास्तर वेग कमी करून हॉर्न शोधायचे. त्रिकोण म्हणजे सावधान, पुढे वळण, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होता की पाठीमागून क्षेपणास्त्र सुटलंय, पळा. डावीकडच्या निळ्या कमानीला ते पेट्रोलचा काटा समजले. ती होती विमानाभोवतीची ढाल. गोळ्या खाल्ल्या की कमान झिजायची आणि मास्तर म्हणायचे, "ही गाडी फार पितेय गं." फक्त कडेचा बाण त्यांना अचूक समजला, तोही चुकून. शत्रू पडद्याबाहेर गेला की कडेला त्याच्या दिशेचा बाण उमटायचा. मास्तरांच्या मते तो 'सक्तीने डावीकडे वळा' किंवा 'सक्तीने उजवीकडे वळा' असा आदेश होता. ते इमानेइतबारे तिकडे वळायचे आणि शत्रू आपोआप समोर यायचा.

"हे बरोबर केलंत," धाकटी म्हणायची.

"नियम पाळला की सगळं बरोबरच होतं," मास्तर म्हणायचे.

आठवड्याच्या शेवटी वहीची चार पानं चिन्हांनी भरली होती. स्कूलमध्ये वाहतुकीच्या खुणांचा तक्ता असतो तसा त्यांनी रंगीत पेनांनी तक्ताच केला आणि तो टीव्हीशेजारच्या भिंतीवर डकवून घेतला. बायको कामावरून आली, तक्ता पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "डोक्यावर तर पडला नव्हतात ना? तेव्हा फोटो फक्त पायाचा काढला होता."

एवढा अभ्यास करूनही मास्तरांच्या हातून एकही विमान पडेना. वेग बरोबर, ढाल शाबूत, शत्रू ऐन समोर, आणि गोळ्या मात्र दरवेळी त्याच्या शेपटीमागून निघून जायच्या. लाल चौकोनाच्या बरोब्बर मध्ये नेम धरला तरी तेच. मास्तरांच्या नाकी नऊ आले. ते म्हणाले, बंदूक वाकडी आहे.

धाकटी त्यांच्या पाठीशी उभी राहून बघत होती. दिवसभर काचेतला केसाएवढा ओरखडा शोधायची सवय असलेले तिचे डोळे. "भाऊजी, तुम्ही चौकोनावर का मारताय? त्याच्या पुढे तो छोटा पोकळ गोल चाललाय ना, त्यावर मारा."

मास्तरांनी बोट बटणावरून काढून घेतलं.

"दिसला ना गोल?"

"दिसला. पहिल्या दिवसापासून दिसतोय."

"मग मारा की त्यावर!"

"मी नाही मारणार," मास्तर म्हणाले. "लहान आहे ते."

"काय लहान आहे?"

"हे बघ, मला काय कळत नाही असं समजू नकोस. चार दिवस मी नीट बघतोय. तो उडायला लागला की ते त्याच्या पुढे पुढे पळतं. तो वळला की तेही वळतं. जोरात निघाला की लांब पळतं, आणि थांबला की येऊन त्याच्या पोटाशी बिलगतं." मास्तरांनी पडद्यावरच्या गोलाकडे बोट दाखवलं. "पिल्लू आहे ते त्याचं. लढाई मोठ्यांची आहे, त्यात पोराबाळांना कशाला ओढायचं?"

धाकटी आधी खुर्चीच्या पाठीला धरून हसली, मग भिंतीला धरून, आणि मग धरायला काही सापडेना म्हणून जमिनीवर बसली. मास्तर प्लास्टरच्या पायासकट ताठ बसून राहिले. हसण्यासारखं त्यात काय आहे, हे त्यांना खरंच कळत नव्हतं.

"भाऊजी," डोळे पुसत ती शेवटी म्हणाली, "तिथे कुणीच नाही. नुसती खूण आहे ती. तुमच्या बंदुकीची गोळी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो की नाही? तेवढ्यात तो पुढे सरकतो. म्हणून तुमच्याच विमानातलं मशीन हिशेब करून सांगतं की बाबा रे, गोळी पोचेल तेव्हा हा इथे असेल. तो थांबला तर हिशेब कसला? मग गोल त्याच्यावरच येतो."

"म्हणजे तो तिथे नाही."

"नाही."

"पण तिथे असणार आहे."

"हां!"

मास्तरांनी यंत्र मांडीवर ठेवलं. पंचवीस वर्षं ते डावीकडच्या सीटवर बसून एकच वाक्य ओरडत आले होते. समोरचा माणूस आत्ता कुठे आहे ते नको बघू, दोन सेकंदांनी कुठे असेल ते बघ! ज्यांनी ऐकलं ते पास झाले. आणि स्वतःला मात्र चार दिवस समोर नाचणारी गोष्ट कळली नव्हती. त्यांचे कान लाल झाले.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय माहीत तुम्ही त्याला दूध पाजताय!"

मास्तरांनी यंत्र घट्ट धरलं, लाल चौकोन सोडून दिला आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत, त्या पोकळ गोलावर, गोळ्या सोडल्या. शत्रू आपणहून त्या गोळ्यांमध्ये जाऊन शिरला. पडद्यावर मोठा नारिंगी भडका उडाला. मास्तरांनी आनंदाच्या भरात प्लास्टरचा पाय असा काही आपटला की आतून बायको धावत आली आणि तिने दोघांनाही झापलं.

त्यानंतर त्यांना कोणी धरू शकेना. रोज दुपारी ते आठ-आठ, दहा-दहा विमानं पाडत. नाव मात्र त्यांनी बदललं नाही. "पिल्लावर ठेव, पिल्लावर ठेव," असं स्वतःशीच बोलत नेम धरायचे.

चौथ्या आठवड्यात धाकटीपुढे पेच पडला. तिच्या टोळीत तिघं होते. एक ती, दुसरा शहराच्या पलीकडच्या टोकाला राहणारा औषधाच्या दुकानातला मनुष्य, आणि तिसरी तिच्या दुकानातली मैत्रीण. मैत्रीण ऐनवेळी बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि रविवारी दुपारी तर स्पर्धेचा सामना. पडलेलं विमान थोड्या वेळाने पुन्हा खेळात येतं; जो आधी पाच विमानं पाडेल तो पुढच्या फेरीत.

"भाऊजी, याल?"

मास्तरांनी आढेवेढे घ्यायचं सोंग केलं. बायको म्हणाली, "अहो, शनिवारपासून कपड्यांना इस्त्री करून बसलाय ते काय उगाच?"

रविवारी मास्तर इस्त्रीच्या शर्टात, कानांवर हेडफोन आणि तोंडापुढे माईक लावून बसले. दुसऱ्या बाजूच्या लोकांचं बोलणंही ऐकू येई, म्हणजे एकमेकांना चिडवायची सोय होती. धाकटी आपल्या खोलीतून खेळत होती, औषधवाला त्याच्या घरून. समोरचे तिघं कोण, कुठले, काही माहीत नव्हतं.

सामना रंगला. मास्तरांनी सुरुवातीलाच एक विमान पाडलं आणि माईकमध्ये "माफ करा हं," म्हणाले. समोरून कोणीतरी शिवी हासडली. दुसरंही त्यांनीच पाडलं. मग औषधवाला पडला, धाकटीने एक पाडलं, समोरच्यांनी मास्तरांना मागून गाठलं. होता होता चार-तीन झालं. आणखी एक पडलं की धाकटीची टोळी जिंकणार होती.

समोरचं एक पिवळ्या पट्ट्यांचं विमान मात्र विचित्र होतं. गोळ्या सगळ्यांच्या शेपटीमागून मारायचं, वळताना आधी उलट्या बाजूला झोकांडी घ्यायचं आणि मग भलत्याच दगडाला जाऊन घासायचं. मास्तरांनी आरामात त्याला गाठलं. चौकोन समोर, पिल्लावर नेम, बोट गोळीच्या बटणावर. तेवढ्यात पिवळं विमान पुन्हा एका दगडावर आदळलं आणि हेडफोनमध्ये एका बाईचा आवाज आला, "सॉरी, सॉरी, सॉरी!"

मास्तरांचं बोट बटणावरच थांबलं.

दगडाला तीन वेळा सॉरी म्हणणारी बाई त्यांनी आयुष्यात एकच पाहिली होती. गाडी बंद पडली की ती गाडीला सॉरी म्हणायची, खांबाला घासली की खांबाला. स्कूलमध्ये तिचं नावच सॉरीबाई पडलं होतं. पाच वेळा परीक्षेला बसली, पाचही वेळा नापास झाली आणि मग एक दिवस यायचीच बंद झाली. मास्तरांच्या हाताखालून गेलेले बाकी सगळे कधी ना कधी पास झाले होते. ही एकटीच तेवढी राहिली होती, आणि ते त्यांना काट्यासारखं सलत होतं.

"आरसा!" मास्तर माईकमध्ये गरजले.

पिवळ्या विमानाने करकचून ब्रेक मारला. भर अंतराळात ते जागच्या जागी उभं राहिलं.

"सर?" घाबरलेला आवाज आला.

"मीच. वळायच्या आधी उलट्या बाजूला झोक देण्याची सवय अजून गेली नाही?"

"अय्या, सर! सॉरी, सॉरी—"

"भाऊजी, गोळी मारा!" धाकटी ओरडली.

"अगं, ही माझी विद्यार्थिनी आहे!"

"म्हणूनच मारा! थांबलीये ती!"

पण मास्तरांनी विमान पिवळ्या विमानाच्या बाजूला नेऊन व्यवस्थित उभं केलं. इतकी वर्षं गेली, चौकशी करायला नको? "काय करतेस हल्ली?"

"क्रेन चालवते सर. मोठ्या इमारतींच्या बांधकामावर. वर केबिनमध्ये एकटीच असते. तिथे मागून कोणी येत नाही ना, म्हणून जमतं."

"वा! आणि इथे गोळ्या मागून का मारतेस?"

"मी नीट चौकोनातच मारते सर. पण लागतच नाहीत. बंदूक वाकडी आहे."

हे ऐकल्यावर मास्तरांना राहवेना. समोर विद्यार्थी बसलाय, चुकतोय, का चुकतोय ते आपल्याला माहीत आहे, आणि आपण तोंड मिटून बसायचं? हे त्यांच्या हातून होण्यातलं नव्हतं. "क्रेनवर माल वळवून आणतेस तेव्हा क्रेन कधी थांबवतेस? माल जागेवर आल्यावर?"

"नाही सर, त्याच्या आधीच. माल झोका घेऊन आपोआप पोचतो."

"मग! चौकोनाच्या पुढे पोकळ गोल दिसतोय? माल तिथे पोचणार आहे. तिथे मार."

"भाऊजी, नाही!" धाकटीची किंकाळी एकाच वेळी हेडफोनमधून आणि शेजारच्या खोलीतून आली. "भाऊजी, ती समोरच्यांची आहे!"

"ऑं? असं होय!" सॉरीबाई म्हणाली. तिने विमान वळवलं, या वेळी आधी उलटा झोक न देता, आणि जवळून चाललेल्या पहिल्याच विमानापुढच्या गोलावर नेम धरला. ते धाकटीचं होतं. नारिंगी भडका उडाला. चार-चार.

"शाब्बास!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"सॉरी, सॉरी, सॉरी, सर," सॉरीबाई म्हणाली, आणि मग अगदी जवळ उभ्या असलेल्या त्यांच्यावरच गोळ्या झाडल्या. ते पार्क केलेलेच होते. थांबलेल्या माणसाला काय, गोलाचीही गरज नव्हती. सामना संपला.

औषधवाला खेळ बंद करून निघून गेला. धाकटी खोलीतून बाहेर आली ती फणकारतच, आणि दोन दिवस मास्तरांशी बोलली नाही. समोर ते बसलेले असताना "ताई, भाऊजींना सांग चहा झालाय," असं ताईला सांगायची, आणि ताई पेपरातून डोकं न काढता "अहो, ऐकलंत का, चहा झालाय," म्हणायची. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी धाकटीसमोर वही ठेवली. त्यात त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सामना चालू असताना शिकवणी घेणार नाही.' खाली सही केली होती. धाकटीने वाचलं आणि नाइलाजाने हसली.

प्लास्टर निघालं. मास्तर काठी टेकत स्कूलमध्ये गेले, तर दारात पिवळं हेल्मेट काखेत धरून सॉरीबाई उभी. "सर, सहाव्यांदा प्रयत्न करू?"

तीन आठवडे मास्तर तिच्या शेजारी बसले. गाडी तीच, रस्ते तेच, पण या वेळी त्यांनी क्लच आणि गिअरची भाषाच सोडली. "माल झोका घेतोय," म्हणाले की ती आधीच ब्रेक दाबायची. "केबिनखाली माणसं आहेत," म्हणाले की आरशात बघायची. शेजारून जाणाऱ्यांना वाटायचं, हे दोघं गाडीतून इमारत बांधताहेत.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी घरच्या दोघींनाही बरोबर नेलं. बायको म्हणाली, कोणी पडलंबिडलं तर आपलं हॉस्पिटल जवळच आहे. परीक्षक करड्या चेहऱ्याचा मनुष्य होता. सॉरीबाईला पाहून त्याने सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला. गाडी गेली. मास्तर आवारात येरझाऱ्या घालत राहिले. वीस मिनिटांनी गाडी परत आली, वळणावर झोकांडी न घेता, दोन पांढऱ्या रेघांच्या बरोब्बर मध्ये येऊन थांबली. परीक्षक उतरला. त्याने कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "मधे एक म्हातारा रस्त्यावर उतरला. मला दिसायच्या आधी हिने गाडी थांबवली होती."

सॉरीबाई धाय मोकलून रडायला लागली. रडताना तिने परीक्षकाला सॉरी म्हटलं, मास्तरांना म्हटलं आणि गाडीलाही म्हटलं. धाकटीने तिला पाण्याची बाटली दिली आणि ती दोन घोट प्याली न प्याली तोच विचारलं, "पुढच्या महिन्यात नवी स्पर्धा आहे. आमच्याकडून खेळणार का?"

"सरही असतील?"

"सर प्रशिक्षक असतील," धाकटी म्हणाली. "माईक न लावता."

घरी जाताना गाडी सॉरीबाईनेच चालवायची असं ठरलं. पुढच्या सीटवर धाकटी चटकन जाऊन बसली, कारण दोघींना टोळीचं नाव ठरवायचं होतं. मास्तरांना बायकोशेजारी मागे बसावं लागलं. मागच्या सीटवर ते शेवटचे कधी बसले होते ते त्यांना आठवेना. त्यांनी बसायला किती जागा आहे ते हात फिरवून पाहिलं, खिडकीची काच खाली-वर करून बघितली. पहिल्या चौकात ते मान उंच करून समोरचा सिग्नल बघत होते. दुसऱ्या चौकात त्यांनी पाठ टेकली.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "ती उजवीकडे वळतेय, बघा तरी."

मास्तर बायकोच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते.